लक्ष्मणराव किर्लोस्कर : सायकलच्या दुकानापासून वाडीपर्यंत

आपल्या बेळगावात किर्लोस्कर रोड आहे. त्या रस्त्याने रोज ये-जा करणाऱ्या तरुण मुलांना हे आडनाव विचारले, तर कोणी पंपाचे नाव घेतो, कोणी डिझेल इंजिनाचे, आणि घरात नाट्यसंगीताची आवड असेल तर ‘सौभद्र’कार अण्णासाहेबांचे. तिन्ही उत्तरे आपापल्या परीने बरोबरच आहेत. संगीत रंगभूमीचा पाया घालणारे अण्णासाहेब आणि नांगराचा कारखाना काढणारे लक्ष्मणराव, दोघेही आपल्या जिल्ह्यातील गुर्लहोसूरचे. एका गावाने मराठी माणसाला नाटक दिले आणि कारखानाही दिला. मात्र हा कारखाना सुरू झाला बेळगावात आणि वाढला दुसरीकडे, ही गोष्ट आपण फारशी बोलत नाही. तो का गेला आणि गेल्यावर कसा वाढला, हे समजून घेण्यासारखे आहे.

त्याला आणखी एक कारण आहे. आपल्या मंडळाचे निम्म्याहून अधिक सभासद स्वतःचा काही ना काही उद्योग करणारे आहेत. कोणाचे कापडाचे दुकान, कोणाची खानावळ, कोणाचा छापखाना, तर कोणाची उद्यमबागेत फौंड्री किंवा दोन लेथचे मशीन शॉप. या स्मरणिकेची पाने त्यांच्याच जाहिरातींवर छापली जातात. चार माणसे हाताखाली घेऊन धंदा चालवणाऱ्याला उपदेश करणारे पुष्कळ भेटतात, पण त्यांतले बहुतेक स्वतः मोठ्या पगारावर असतात. लक्ष्मणरावांनी उपदेश केला नाही. त्यांनी छोटा धंदा छोटा असताना कसा सांभाळला, हे त्यांच्या आयुष्यातच दिसते.

चित्रकार होता होता

लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर यांचा जन्म २० जून १८६९ चा. वडील काशिनाथपंत वेदान्ताचा व्यासंग असलेले गृहस्थ. अशा घरातल्या मुलाने शिकून सरकारी नोकरी धरावी, ही त्या काळची साधी अपेक्षा. पण लक्ष्मणाचे मन शाळेच्या पुस्तकात रमत नव्हते. त्याला दोनच गोष्टींची ओढ होती, चित्रे काढणे आणि यंत्रे खोलून पाहणे. वडिलांना हे पसंत नव्हते. पाठीशी उभे राहिले ते थोरले बंधू रामचंद्र, म्हणजे रामूअण्णा. त्यांच्या आधारावर १८८५ साली, वयाच्या सोळाव्या वर्षी, लक्ष्मण मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दाखल झाला.

दोन वर्षे चित्रकला शिकल्यावर एक गोष्ट उघडकीस आली. त्याच्या दृष्टीत रंगांधळेपणा होता, काही रंगांतील फरक त्याला नीट ओळखता येत नसे. चित्रकाराच्या दृष्टीने हा निकालच होता. अठरा वर्षांच्या मुलाने अशा वेळी हाय खाल्ली असती, तर नवल नव्हते. लक्ष्मणाने चित्रकलेतले जे रंगावाचून चालते ते उचलले, म्हणजे रेषा. यंत्रांचे आराखडे काढण्याचे शिक्षण त्याने पुरे केले आणि मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये तो साहाय्यक शिक्षक म्हणून लागला.

नोकरी आराखडे शिकवण्याची, पण मोकळा वेळ कार्यशाळेत जाई. यंत्रविद्येची पदवी त्यांच्याजवळ कधीच नव्हती. अमेरिकेतून येणारी यंत्रांवरची मासिके आणि कंपन्यांचे कॅटलॉग वाचायचे, आणि जे वाचले ते हाताने करून पाहायचे, हीच त्यांची पाठशाळा. पुढे कारखाना मोठा झाल्यावरही ही सवय सुटली नाही. आपल्यापैकी अनेकांचे शिक्षण दहावी-बारावीला थांबलेले आहे आणि त्याची खंत मनात असते. ज्याच्या हाताखाली पुढे मोठमोठे इंजिनिअर काम करू लागले, त्या माणसाचे सगळे यंत्रज्ञान वाचनातून आणि हात काळे करून आलेले होते, एवढे ध्यानात ठेवले तरी पुरे.

दोन भाऊ, एक दुकान

मुंबईत एका गृहस्थाला सायकलवरून जाताना लक्ष्मणरावांनी पाहिले. दोन चाकांवर माणूस पडत कसा नाही याचे लोकांना नवल वाटत असे, तो हा काळ. लक्ष्मणरावांना मात्र त्यात धंदा दिसला. मुंबईत सायकली घ्यायच्या, बेळगावला पाठवायच्या आणि रामूअण्णांनी त्या विकायच्या, अशी दोघा भावांनी वाटणी केली. ‘किर्लोस्कर ब्रदर्स’ हे नाव लागले ते या दुकानाला. १८८८ हे साल या घराण्याच्या धंद्याचे आरंभवर्ष मानले जाते.

त्या वेळी सायकलची किंमत सातशे ते हजार रुपये असे. चांगल्या नोकरदाराची ती वर्षाची कमाई. म्हणजे गिऱ्हाईक मोजकेच, वकील, अधिकारी, जहागीरदार असे. पण त्यांनाही सायकल घेऊन करायचे काय, हा प्रश्न होता, कारण चालवता कोणालाच येत नव्हती. तेव्हा रामूअण्णा सायकल विकत आणि चालवायलाही शिकवत. शिकवणीचे १५ रुपये वेगळे घेत, असे सांगतात. नवी वस्तू विकायची तर ती वापरायला शिकवण्याचे कामही विकणाऱ्यालाच करावे लागते, हा धडा या दुकानात मिळाला. पुढे नांगराच्या वेळी तो कामाला आला.

आणखी एक गोष्ट इथे पाहण्यासारखी आहे. दुकान सुरू झाले म्हणून लक्ष्मणरावांनी नोकरी सोडली नाही. मुंबईचा पगार चालू होता, बेळगावात भाऊ धंदा पाहत होता. घरात पैसा येण्याची एक वाट बंद करण्याआधी दुसरी वाट तयार होत होती.

नोकरी सुटली ती मानाच्या प्रश्नावर. इन्स्टिट्यूटमध्ये बढतीची जागा निघाली. काम, अनुभव, पात्रता पाहता ती लक्ष्मणरावांना मिळायला हवी होती. ती एका अँग्लो-इंडियन सहकाऱ्याला दिली गेली. लक्ष्मणरावांनी भांडण मांडले नाही, अर्ज-विनंत्या केल्या नाहीत. त्यांनी राजीनामा दिला आणि गेल्या शतकाच्या तोंडावर ते बेळगावला परतले. तिशी जवळ आली होती, मागे परत येण्याचा रस्ता राहिला नव्हता.

कडबा आणि नांगर

सायकलीवर कारखाना उभा राहणार नव्हता. सायकल घेणारे शंभर असतील तर शेतकरी लाखांनी होते. शेतकऱ्याला रोज लागते ते काय, याचा विचार करून लक्ष्मणराव कडबा कापण्याच्या यंत्राकडे वळले. ज्वारीचा कडबा अख्खा टाकला की जनावर पाला खाते आणि दांडा पायाखाली तुडवते. त्याचीच बारीक कुट्टी केली तर वैरण वाया जात नाही. आपल्याकडे दुष्काळी वर्षात वैरणीचे मोल काय असते, ते सांगायला नको. आधी परदेशी यंत्रे आणून विकली, मग तसेच यंत्र स्वतः बनवायला घेतले. विकता विकता वस्तूचे गुणदोष कळतात आणि गिऱ्हाईक काय तक्रार करते हेही कळते. ते कळल्यावर बनवायला घेणे, हा क्रम लक्ष्मणरावांनी जन्मभर पाळला.

कडबा कापण्याच्या यंत्रामागून आला लोखंडी नांगर. त्या वेळी आपल्या भागात लाकडी नांगर चालत. काळ्या जमिनीत हरळी आणि कुंदा माजला की त्याची मुळे खोल जातात, लाकडी नांगर तिथपर्यंत पोचत नाही. खोल नांगरट करणारा लोखंडी नांगर परदेशातून येई, पण तो महाग. लक्ष्मणरावांनी तसा नांगर बेळगावात ओतला.

आणि तो विकला जाईना. लोखंडामुळे जमीन विषारी होते, पीक जळते, अशी समजूत शेतकऱ्यांत घट्ट बसली होती. पहिला नांगर विकायलाच दोन वर्षे लागली. ही दोन वर्षे जरा डोळ्यांपुढे आणावी. नोकरी सोडलेली, घरात मुलेबाळे, पैसा लोखंडात अडकलेला, तयार नांगर दारात गंजत पडलेले, आणि येणारा-जाणारा विचारतो आहे की, चालले आहे कसे? अशा वेळी धंदेवाईक माणसाला दोनच गोष्टी सुचतात, माल पडेल भावात काढून टाकावा किंवा शेतकऱ्याला अडाणी म्हणून शिव्या द्याव्यात. लक्ष्मणरावांनी दोन्ही केले नाही. शेतकऱ्याच्या भीतीत त्याचे सगळे वर्ष पणाला लागलेले असते, हे त्यांना समजत होते. आपल्या नांगराने एक हंगाम बुडाला तर नुकसान आपले होणार नाही, त्याचे होणार. तेव्हा नांगर जमिनीत चालवून दाखवणे आणि पीक येईपर्यंत थांबणे, याला दुसरा उपाय नव्हता. एका शेतात पीक उभे राहिले की शेजारच्या शेतकऱ्याला वेगळे सांगावे लागत नाही.

हा धीर धरता आला, कारण धंद्याचा सगळा भार एकट्या नांगरावर नव्हता. सायकली होत्या, कडब्याची यंत्रे होती. नव्या वस्तूला रुजायला वेळ लागतो, आणि तेवढा वेळ जुन्या वस्तूने पोट भरावे लागते.

जागा सोडण्याची नोटीस

नांगराला गिऱ्हाईक मिळू लागले, काम वाढले, आणि नेमक्या त्याच वेळी बेळगावातील कारखान्याची जागा सोडण्याची पाळी आली. शहराची वाढ करायची होती, नवी वसाहत वसवायची होती आणि त्या आखणीत कारखान्याची जागा येत होती. नगरपालिकेच्या दृष्टीने तो एक छोटा कारखाना होता. त्यातून पुढे काय होईल, हे त्या वेळी कोणालाच दिसले नसेल. पण लक्ष्मणराव चाळिशीत होते, यंत्रे जमिनीत बसवलेली होती आणि हाताशी पैसा नव्हता.

या वेळी मदतीला आले औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी. बाळासाहेब स्वतः चित्रकार, व्यायामाचे भोक्ते, सूर्यनमस्काराचे प्रचारक आणि गुणी माणसाची पारख असलेले राजे. पुढे ओगले बंधूंचा काचकारखानाही त्यांच्याच संस्थानात उभा राहिला. लक्ष्मणरावांची आणि त्यांची ओळख चित्रकलेच्या आवडीतून झालेली. बेळगावचे बिनसल्यावर त्यांनी आधी औंधच्या देवळाचे बांधकाम लक्ष्मणरावांना दिले आणि मग कारखान्यासाठी जागा देऊ केली. संस्थानाच्या हद्दीत, कुंडल रोड स्टेशनजवळ, ३२ एकर माळ आणि उभारणीसाठी काही हजारांचे कर्ज.

ही मैत्री कामासाठी जोडलेली नव्हती. धंद्यात ओळखी लागतात, हे सगळेच सांगतात आणि मग माणसे कामापुरत्या ओळखी काढत हिंडतात. लक्ष्मणरावांना संकटात जी ओळख उपयोगी पडली, ती रंगांधळेपणामुळे सोडाव्या लागलेल्या चित्रकलेतून आलेली होती. जन्मात काही फुकट जात नाही ते असे.

निवडुंगाचा माळ

१० मार्च १९१० हा किर्लोस्करवाडीचा स्थापनादिवस. बेळगाव–मिरज–पुणे ही रेल्वे कुंडल रोडवरून जाई, म्हणून यंत्रे आणि सामान गाडीने नेता आले. जागेची निवड करताना रेल्वे जवळ असणे, ही गोष्ट मोलाची होती. पण बाकी सगळा उजाड माळ. निवडुंगाची बेटे, दगडधोंडे आणि सापांचा सुळसुळाट. बेळगावहून पंचवीसेक कामगार आपली बायकामुले घेऊन लक्ष्मणरावांबरोबर त्या माळावर गेले.

पंचवीस कुटुंबे. बेळगावात त्यांची घरे होती, सोयरेधायरे होते, आणि कामाची सवय असलेल्या हातांना गावात दुसरे कामही मिळाले असते. तरी ती गेली. मालक बुडेल की तरेल हे माहीत नसताना त्याच्याबरोबर निवडुंग तोडायला जाणारी माणसे पगाराने मिळत नाहीत. त्याआधीच्या दहा वर्षांत मालक त्यांच्याशी कसा वागला असेल, त्याचा हा हिशेब आहे. मालकाच्या घरच्यांनीही वेगळी सोय पाहिली नाही. पत्नी राधाबाई आणि मुले त्याच माळावर, त्याच हालात राहिली.

लक्ष्मणरावांच्या मनात नुसता कारखाना नव्हता. इंग्लंड-अमेरिकेत काही कारखानदारांनी कामगारांसाठी आखीव गावे वसवली होती, त्यांची वर्णने त्यांनी वाचली होती. तसे एक गाव आपल्याकडेही असावे, जिथे कामगाराला स्वच्छ घर, मोकळी हवा आणि मुलांना शाळा मिळेल, असे त्यांना वाटे. घरांची आखणी, रस्ते, झाडे, स्वच्छता हे काम रामूअण्णांकडे आले. यंत्रे धाकट्या भावाने पाहावीत आणि गाव थोरल्याने, अशी ती वाटणी. आपल्याकडे भावाभावांचे धंदे पहिल्या पिढीतच मोडतात, कारण दोघेही गल्ल्यावर बसू पाहतात. इथे एकाचे काम दुसऱ्याच्या कामात येत नव्हते, आणि एकाशिवाय दुसऱ्याचे पूर्णही होत नव्हते.

वाडीत अस्पृश्यता पाळायची नाही, असा नियम लक्ष्मणरावांनी घातला. १९१० नंतरची ती वर्षे ध्यानात घेतली म्हणजे याचे महत्त्व कळते. पाणवठे वेगळे, वस्त्या वेगळ्या, असा तो काळ. नियम करणारा स्वतः वेदान्ती ब्राह्मणाच्या घरातला. त्यांना कर्मकांडात रस नव्हता. भट्टीपुढे सगळे सारखेच भाजतात, तिथे सोवळे-ओवळे कसले, असा त्यांचा सरळ विचार.

माणसांची पारख

किर्लोस्करवाडीच्या आरंभीच्या कर्त्या माणसांची नावे पाहिली तर एक गोष्ट दिसते. शंभूराव जांभेकर यंत्रकामात, मंगेशराव रेगे हिशेबात, के. के. कुलकर्णी कारभारात, अनंतराव फळणीकर पुन्हा यंत्रकामात. यातले कोणी मोठ्या पदव्या घेऊन आलेले नव्हते. फळणीकर तर परीक्षेत नापास झालेले विद्यार्थी, पुढे तेच कारखान्याचे इंजिनिअर झाले. लक्ष्मणराव माणसाचे प्रमाणपत्र पाहत नसत, त्याचा हात कुठे चालतो हे पाहत. मग ते काम त्याच्यावर सोपवून बाजूला होत. स्वतः दहा वर्षे शिक्षक असल्याचा हा फायदा. चांगल्या शिक्षकाला कळते की, मुलाच्या हातातली पेन्सिल घेऊन आपणच चित्र काढून दिले तर मुलगा कधीच शिकत नाही.

याच विश्वासाचा सर्वांत धाडसी नमुना म्हणजे वाडीचे रात्रीचे पहारेकरी. त्या कामावर त्यांनी तुरुंगातून सुटून आलेली माणसे नेमली. गावोगावचे लोक ज्यांना दारात उभे करत नव्हते, त्यांच्या हाती कारखान्याच्या किल्ल्या आल्या. या निर्णयाचे पुढे त्यांना वाईट वाटावे असे काही घडले नाही. आज कोणी असे करावे, असे सांगण्याचा हेतू नाही. प्रत्येकाने आपल्या छातीकडे पाहून ठरवावे. पण आपल्या दुकानातल्या पंधरा वर्षांच्या जुन्या नोकरालाही आपण गल्ल्याजवळ उभे करत नाही, आणि मग चांगली माणसे टिकत नाहीत म्हणून तक्रार करतो. या दोहोंचा एकमेकांशी संबंध आहे, एवढे तरी मान्य करायला हरकत नाही.

लढाई, लोखंड आणि लोकांचा पैसा

१९१४ साली पहिले महायुद्ध पेटले. परदेशी नांगर आणि यंत्रे येण्याचे थांबले, तशी देशी मालाची मागणी वाढली. पण ज्या लढाईने मागणी वाढवली, तिनेच कच्चा माल तोडला. ओतायला लोखंड मिळेना, भट्टीला कोळसा मिळेना. मोडके-तोडके लोखंड गोळा करणे सुरू झाले. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी संस्थानातील जुन्या तोफा वितळवायला दिल्या आणि त्यांचे नांगर झाले, ही हकीकत आपल्या भागात प्रसिद्ध आहे. तोफेचा नांगर होतो, यापेक्षा लोखंडाचा चांगला उपयोग कोणता?

युद्ध संपल्यावर परदेशी माल परत येणार, हे उघड होते. वाढलेली मागणी टिकवायची तर मोठी यंत्रे हवीत, मोठे भांडवल हवे. तोपर्यंत धंदा घरचा होता. १९२० साली लक्ष्मणरावांनी किर्लोस्कर ब्रदर्स लिमिटेड ही कंपनी केली आणि लोकांकडून भागभांडवल घेतले. घरच्या धंद्यात परक्यांचा पैसा घेणे म्हणजे परक्यांना हिशेब दाखवणे. इथेच आपल्याकडचे अनेक चांगले धंदे थांबतात, कारण वही बंद ठेवण्याची सवय जात नाही. ज्यांची वही स्वच्छ असते, त्यांना ती उघडताना त्रास होत नाही. मंगेशराव रेग्यांसारखा हिशेबनीस पहिल्यापासून जवळ ठेवल्याचे फळ या वेळी मिळाले.

त्याच वर्षी आणखी एक छोटी वाटणारी गोष्ट घडली. पुतणे शंकर वासुदेव किर्लोस्कर यांनी वाडीतून ‘किर्लोस्कर खबर’ नावाचे पत्रक सुरू केले. नांगर कुठे चालतो, यंत्र कसे वापरावे, कारखान्यात नवे काय, हे गिऱ्हाइकांना आणि कामगारांना कळावे, एवढाच आरंभीचा हेतू. त्यातून पुढे ‘किर्लोस्कर’ मासिक झाले, १९३० साली ‘स्त्री’ आणि १९३४ साली ‘मनोहर’ निघाले. आपल्या आज्या-पणज्यांनी ती मासिके वाचली, घरोघर जपून ठेवली. माळावरच्या नांगराच्या कारखान्यातून मराठी घरांना वाचनाची गोडी लागावी, असा योग पुन्हा आला नाही. लक्ष्मणरावांनी पुतण्याच्या लेखणीला अडवले नाही, यात त्यांचा वाटा आहे. हे काम यंत्राचे नाही म्हणून त्यांनी ते बंद पाडले असते, तर कोणी दोष दिला नसता.

मुलाच्या हाती

थोरले चिरंजीव शंतनुराव यांचा जन्म १९०३ चा. त्यांना लक्ष्मणरावांनी अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत इंजिनिअरिंग शिकायला पाठवले. १९२६ साली पदवी घेऊन ते परतले. ज्या बापाने सगळे पुस्तकांतून आणि हाताने शिकून केले, त्याने मुलाला जगातल्या उत्तम शाळेत घातले. आपण न शिकता केले तर त्यालाही जमेल, असा हट्ट धरला नाही.

शिकून आलेल्या मुलाला नवे करायचे असते आणि बापाला जुने मोडायचे नसते, हा घरोघरचा पेच. त्यातून वाट निघाली ती कामाची. नांगरावर मोठ्या झालेल्या कारखान्यात पंप आले, मग इंजिने आली. शेतकरी तोच राहिला, त्याची गरज पुढे सरकली. विहिरीवर बैल जुंपून मोट ओढणाऱ्याला आता पंप हवा होता, आणि नांगराने कमावलेला विश्वास पंपाच्या उपयोगी पडला. पुढे १९४१ साली हरिहरला यंत्रे बनवणारी म्हैसूर किर्लोस्कर, १९४६ साली बंगळूरला विजेच्या मोटारींचा आणि पुण्याजवळ खडकीला इंजिनांचा कारखाना, असा विस्तार मुलांच्या पिढीने केला. लक्ष्मणराव हळूहळू बाजूला होत गेले. धंद्याचे नाव राखून मालकी सोडणे सोपे असते, मत सोडणे कठीण. ते त्यांना जमले.

उतारवयात एक मोठा घाव सोसावा लागला. १९४८ च्या आरंभी गांधीजींच्या हत्येनंतर पश्चिम महाराष्ट्रात ज्या जाळपोळी झाल्या, त्यांत किर्लोस्करवाडीच्या कारखान्यालाही आग लावली गेली. निवडुंग तोडून उभे केलेले आपल्या डोळ्यांदेखत जळणे, आणि तेही ज्या शेतकऱ्यांसाठी आयुष्य वेचले त्यांच्याच मुलखात. त्या वेळी लक्ष्मणराव अठ्ठ्याहत्तर वर्षांचे होते. कारखाना पुन्हा उभा राहिला, पुन्हा चालू झाला. आजही तो तिथेच चालतो.

२६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणरावांचे निधन झाले. १९६९ साली त्यांच्या जन्मशताब्दीला भारत सरकारने त्यांच्या नावाचे टपाल तिकीट काढले. कुंडल रोड स्टेशन आता किर्लोस्करवाडी या नावानेच ओळखले जाते. त्यांच्या नावाच्या आद्याक्षरांवरून ‘लकाकी’ हे त्यांचे लाडके नाव जुन्या मंडळींच्या तोंडी अजून आहे.

आपल्यापुरते

या आयुष्यातून धंद्याची सूत्रे काढून चौकटीत मांडता येतील, पण तसे करण्याची गरज वाटत नाही. दोन-तीन गोष्टी मात्र आपल्या गावातील माणसाने लक्षात घ्याव्यात.

एक म्हणजे, लक्ष्मणरावांच्या आयुष्यात चार दारे बंद झाली. रंग दिसेना म्हणून चित्रकला गेली, न्याय मिळेना म्हणून नोकरी गेली, नांगराची दोन वर्षे गेली आणि शेवटी बेळगावची जागा गेली. प्रत्येक वेळी त्यांनी हातात काय उरले आहे ते पाहिले. चित्रकलेतून रेषा उरली, नोकरीतून यंत्राचे ज्ञान, पडून राहिलेल्या नांगरांतून शेतकऱ्याची ओळख, आणि बेळगावातून पंचवीस कुटुंबे. मोजून पाहिले तर शेवटचे भांडवल सर्वांत मोठे होते.

दुसरी गोष्ट आपल्या गावाची. त्या वेळी बेळगावात कोणाला तरी वाटले असते की, या कारखान्यासाठी दुसरीकडे चार एकर द्यावेत, तर किर्लोस्करवाडी कदाचित आपल्याच वेशीवर असती. त्या काळच्या लोकांना दोष देऊन उपयोग नाही. पण आज आपल्या गल्लीत कोणी मुलगा गॅरेजमागे पत्र्याच्या शेडमध्ये काही नवे बनवत असेल, त्याचा आवाज होतो म्हणून आपण तक्रार करत असू, तर एकदा आत डोकावून पाहायला काय हरकत आहे? उद्यमबागेतल्या भट्ट्यांनी बेळगावचे ओतकाम देशभर नेले. लक्ष्मणराव गेले तरी ओतकामाची विद्या या मातीला परकी राहिली नाही. पण आपल्या मुलांना ती आता नकोशी वाटू लागली आहे, पुण्या-बंगळूरच्या नोकरीपुढे बापाची भट्टी त्यांना कमीपणाची वाटते.

त्या मुलांना कोणी जबरदस्तीने थांबवू नये. मुंबईची नोकरी लक्ष्मणरावांनीही केलीच होती. मात्र परत यायचे ठरले, तर येण्यासारखे काही इथे शिल्लक असावे. रामूअण्णांनी दुकान चालू ठेवले होते म्हणून लक्ष्मणरावांना परतता आले. आज जे भट्टीपुढे, गल्ल्यामागे, छापखान्यात टिकून आहेत, ते आपल्या घराण्यातल्या कोणा लक्ष्मणासाठी रामूअण्णांचेच काम करत आहेत. त्यांना या गणेशोत्सवात बाप्पाने बळ द्यावे, आणि त्यांच्या घरच्यांनी, शेजाऱ्यांनी त्या कामाची किंमत ओळखावी.